नाव कुणाच्या नावावर?

जूनची पहिली तारीख उजाडली की उत्तनच्या बंदरावरचं काम बदलतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, फळ्या तपासल्या जातात, रंग चढतो, फाटकी जाळी सांधली जातात. याच दिवसांत कपाटातून कागदांच्या पिशव्याही बाहेर येतात : नौकेचा नोंदणी दाखला, मासेमारीचा परवाना, विमा, खलाशांची ओळखपत्रं. नाळेवर 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा क्रमांक ठळक रंगवलेला असतो. तो क्रमांक कुणाच्या नावावर आहे आणि परवान्याची मुदत कधी संपते, हे नाखव्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. कागद नसले तर होडी समुद्रात घालता येत नाही, हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे.

आता हाच प्रश्न एखाद्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना विचारून पाहावा. मच्छीमारांची सहकारी संस्था, शाळा, चर्चची समिती, देवस्थान, पतपेढी, महिला बचत गट, किनाऱ्यावरचं छोटं रिसॉर्ट, कुणीही चालेल. तुमच्या संकेतस्थळाचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर आहे? ते कधी संपतं? त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे? उत्तन असो, वेंगुर्ला असो की लातूर, बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : "ज्या पोराने साइट बनवली, त्यालाच माहीत."

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की हे उत्तर चालणार नाही. संस्थेचं इंटरनेटवरचं नाव ही संस्थेची मालमत्ता आहे. ती संस्थेच्या नावावर, संस्थेच्या दप्तरात आणि संस्थेच्या देखरेखीखाली असली पाहिजे.

उत्तनचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. मीरा-भाईंदर महापालिकेच्या पश्चिम टोकाचं हे गाव. पाली, चौक, डोंगरी ही शेजारची वस्ती, बांबूंच्या वलांडीवर सुकणारे बोंबील, भाटे बंदरावरचं वेलंकनी मातेचं तीर्थस्थान. गावाची ही एक ओळख. दुसरी ओळखही आहे. केशवसृष्टी आणि रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी इथे आहेत. महाराष्ट्रातल्या न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र न्यायिक अकादमी इथेच आहे. सुटीच्या दिवशी भाईंदर स्थानकावरून गर्दी करून येणारे पर्यटक आहेत आणि त्यांच्यावर चालणारी हॉटेलं, घरगुती खानावळी, रिसॉर्ट आहेत. यातल्या बहुतेकांकडे बाहेरचा माणूस रस्त्याने येण्याआधी मोबाइलवरून येतो. मोबाइलवर तो टाइप करतो ते एक नाव. तेच नाव उद्या दुसऱ्याच्या हाती गेलं, तर माणूस दुसऱ्याच दारात जाऊन उभा राहील.

विकत नव्हे, मुदतीने

'डोमेन विकत घेतलं' असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात डोमेन विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावे नोंदवलं जातं. कमीत कमी एक वर्ष आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर हक्क संपला. मग तुम्ही ते नाव वीस वर्षं वापरलेलं असो, तुमच्या पावतीपुस्तकावर, बसथांब्यावरच्या फलकावर छापलेलं असो.

या व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. सर्वात वर नोंदवही सांभाळणारी संस्था. 'डॉट कॉम'ची नोंदवही अमेरिकेतली व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, तर भारताच्या 'डॉट इन'ची नोंदवही २००३ साली स्थापन झालेली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी. 'डॉट कॉम'सारख्या जागतिक नावांचे नियम १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते. दुसऱ्या पायरीवर रजिस्ट्रार, म्हणजे आपल्याकडून पैसे घेऊन नाव नोंदवणाऱ्या कंपन्या. तिसऱ्या पायरीवर नोंदणीदार, म्हणजे आपण.

कागदावर तीन पायऱ्या, पण गावात त्या चार-पाच होतात. रजिस्ट्रारच्या खाली त्याचा विक्रेता, त्याच्या खाली संकेतस्थळ बनवणारा तरुण आणि त्याच्या खाली संस्था. नोंदवहीत नाव लागतं ते बहुधा त्या तरुणाचं, कारण फॉर्म त्याने भरलेला असतो, ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा, कार्डही त्याचंच. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण पुढे तो नोकरीसाठी आखातात जातो, बोटीवर लागतो, नंबर बदलतो, जुना ईमेल उघडेनासा होतो. मुदत संपल्याची सूचना कुणीच न वाचणाऱ्या पेटीत जाऊन पडते.

नाव एवढं जपायचं कारण म्हणजे ते एकमेव असतं. जमिनीवर दोन धारावी सुखाने नांदतात. एक मुंबईच्या मध्यात आहे, तर दुसरी या उत्तन परिसरात, धारावी देवीचं देऊळ आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत गाजलेला धारावी किल्ला असलेली. इंटरनेटवर मात्र एका शेपटाखाली, म्हणजे 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन'खाली, एक नाव एकालाच मिळतं. आधी नोंदवील त्याचं, आणि नूतनीकरण करत राहील तोवरच त्याचं.

सुरुवात जुहूला

भारताच्या 'डॉट इन'चा आरंभ उत्तनच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर झाला. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत, म्हणजे एनसीएसटीत, श्रीनिवासन रमाणी आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात देशातल्या संशोधन संस्था संगणकाने जोडण्याचं काम करत होते. एनसीएसटी, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, पाच आयआयटी आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांचं 'अर्नेट' हे जाळं याच काळात उभं राहिलं. ८ मे १९८९ रोजी 'डॉट इन' हे शेपूट भारताला मिळालं आणि त्याची नोंदणी मुंबईतून सुरू झाली. रमाणींना पुढे २०१४ साली 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं.

तेव्हा नाव मिळवायला कागदपत्रं लागत, वेळ लागे. २००४ अखेरपर्यंत सुमारे ७,००० नावंच नोंदवली गेली होती. २००५च्या सुरुवातीला धोरण बदललं, नोंदणी निक्सीमार्फत सगळ्यांना खुली झाली, आणि आज ही संख्या ४० लाखांच्या पलीकडे गेली आहे. नाव मिळणं सोपं झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र पूर्वी कागदपत्रांच्या निमित्ताने संस्थेच्या दप्तरात जी नोंद राहायची, ती आता राहीनाशी झाली. पाच मिनिटांत मोबाइलवर घेतलेल्या नावाची फाइल कोण ठेवणार?

मुदत संपते तेव्हा

'डॉट कॉम'सारख्या नावाची मुदत संपली की काय होतं, हे क्रमाने पाहू, कारण वाचवण्याची संधी नेमकी कुठे असते ते त्यातून कळतं.

आयकॅनच्या नियमानुसार रजिस्ट्रारने मुदतीपूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, अशा दोन सूचना द्यायच्या असतात. मुदत टळल्यावर पाच दिवसांत आणखी एक. त्यानंतर रजिस्ट्रारच्या धोरणाप्रमाणे काही दिवसांची सवलत मिळते, ती जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत असू शकते. या काळात संकेतस्थळ आणि ईमेल बंद पडतात. खरं तर ती शेवटची हाक असते. मग सुरू होतो ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ. या काळात नाव परत मिळतं, पण नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट दंड भरून. त्यानंतरच्या पाच दिवसांत कुणालाच काही करता येत नाही. मग नाव मोकळं होतं. 'डॉट इन'चा क्रमही थोड्याफार फरकाने असाच आहे. अनेक रजिस्ट्रार तर सवलतीच्या काळातच अशा नावाचा लिलाव मांडतात, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत वेळ आहे असं समजणं धोक्याचं.

मोकळं झालेलं नाव फार वेळ मोकळं राहत नाही. जुनी, लोकांच्या सवयीची नावं टिपण्यासाठी संगणक टपून बसलेले असतात. शाळेच्या किंवा देवस्थानाच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकते ती अशी.

विसरभोळेपणा फक्त छोट्या संस्थांचा असतो असं नाही. १९९९च्या नाताळात सबीर भाटिया यांनी उभारलेल्या आणि तोवर मायक्रोसॉफ्टने घेतलेल्या हॉटमेलची दारं लोकांना बंद झाली. कारण सापडलं ते असं : प्रवेशासाठी लागणाऱ्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचं नूतनीकरण राहून गेलं होतं. मायकेल चेनी नावाच्या एका अमेरिकी प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातले ३५ डॉलर भरले आणि सेवा सुरू झाली. एप्रिल २०२१मध्ये गूगलचं अर्जेंटिनातलं नाव एका तरुणाला साध्या मार्गाने, अगदी किरकोळ पैशांत घेता आलं होतं. या कंपन्यांना नाव काही तासांत परत मिळालं. गावातल्या पतपेढीसाठी कोण धावून येणार?

संकेतस्थळ बंद पडणं हे खरं तर लहान नुकसान. मोठं नुकसान ईमेलचं. नाव ज्याच्या हाती जातं, त्या नावावर येणारी सगळी पत्रंही त्याच्या हाती जातात. २०१८ साली ऑस्ट्रेलियात एका सुरक्षा संशोधकाने वकिलांच्या जुन्या फर्मची मुदत संपलेली नावं पुन्हा नोंदवून पाहिली, तेव्हा अशिलांची गोपनीय पत्रं त्याच्याकडे येऊ लागली. शिवाय बँकेपासून सोशल मीडियापर्यंत कुठलाही पासवर्ड नव्याने मागवला, की दुवा ईमेलवरच येतो. जिचं डोमेन गेलं, त्या संस्थेच्या बाकीच्या कुलपांच्या किल्ल्याही गेल्या असं समजावं.

मुदत असतानाही चोरी

पैसे वेळेवर भरले म्हणून नाव सुरक्षित राहतंच असं नाही. १९९५ साली अमेरिकेत गॅरी क्रेमेन यांच्या नावे असलेलं 'सेक्स डॉट कॉम' हे नाव स्टीफन कोहेन नावाच्या माणसाने एका बनावट पत्राच्या आधारे स्वतःकडे वळवलं. पत्र नोंदणी कंपनीने खरं मानलं, मालकाला विचारलंही नाही. क्रेमेन यांना नाव परत मिळायला पाच वर्षं लागली. भरपाईचा हुकूम साडेसहा कोटी डॉलरचा झाला, पण पैसे वसूल करण्यासाठी आणखी लढावं लागलं. २००३ साली याच वादात तिथल्या अपील न्यायालयाने मान्य केलं, की डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती चोरीला जाऊ शकते. जानेवारी २०२१मध्ये प्रोग्रामरांमध्ये प्रसिद्ध असलेलं, १९९४पासूनचं 'पर्ल डॉट कॉम' हे नावही असंच पळवलं गेलं. ते फेब्रुवारीत परत मिळालं, कारण जगभरातले जाणकार मदतीला होते.

आज बनावट पत्राची गरज उरलेली नाही. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड किंवा त्या खात्याशी जोडलेला ईमेल हाती लागला की पुरतं. म्हणून दोन कुलपं लावायची. पहिलं, खात्यात शिरताना पासवर्डाबरोबर दुसरी खूण, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपची. दुसरं, नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्यावरचा ट्रान्स्फर लॉक. हा लॉक बहुतेक ठिकाणी फुकट असतो आणि एका बटणाने लागतो. नाव हलवायला एक सांकेतिक कोड लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात. तो फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

न्यायालय काय म्हणतं

उत्तनच्या न्यायिक अकादमीत शिकणाऱ्या न्यायाधीशांसमोर उद्या असे वाद येणारच. त्यांचा पाया घालणारा एक खटला मुंबईचाच आहे. मुंबईच्या रेडिफ या कंपनीचं नाव प्रसिद्ध झाल्यावर सायबरबूथ या प्रतिवादीने केवळ एका स्वराचा फरक करून 'रॅडिफ डॉट कॉम' नोंदवलं. आपलं नाव 'रॅडिकल', 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' या शब्दांवरून जुळवलं आहे, असा त्यांचा बचाव होता. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो मानला नाही. डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण मिळालं पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व देशभरासाठी पक्कं केलं.

'डॉट इन'च्या वादांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद व्यवस्था आहे, 'डॉट कॉम'साठी १९९९पासूनची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. म्हणजे दाद मागायला जागा आहे. पण तिथे जाताना हे नाव आमचंच, आम्ही ते अमुक वर्षापासून वापरतो आणि समोरच्याने ते खोट्या हेतूने घेतलं, हे सिद्ध करावं लागतं. ज्या संस्थेकडे पावती नाही, ठराव नाही, नोंदवहीत जिचं नावच नाही, ती काय दाखवणार? आणि मुदत आपणच संपू दिली असेल, तर बाजू आणखी कमकुवत होते.

सारखी दिसणारी नावं

नाव सांभाळणं हे मालकाचं काम, तर नाव नीट वाचणं हे आपल्या सगळ्यांचं. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळं निघाली आणि लोकांना सावध करावं लागलं. मासळी विकून आलेल्या बाईला हे कसं ओळखता येईल? एक साधा नियम आहे. नाव शेवटाकडून वाचायचं. पत्त्यातल्या 'https://'नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेआधी जे असतं, त्याचं शेपूट 'डॉट गव्ह डॉट इन' असलं, तर ते सरकारी, कारण ते शेपूट फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळतं. 'गव्ह' आणि त्याआधीचा शब्द यांच्यामध्ये टिंबाऐवजी छोटी आडवी रेघ असली, तर ते कुणीही घेतलेलं नाव असू शकतं.

हाच विचार रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी केला. ७ फेब्रुवारी २०२५च्या पतधोरणात 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेपटाची घोषणा झाली, एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत बँकांनी तिथे जावं असं ठरलं. ही नावं देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे, त्यामुळे बँक नसलेल्या कुणालाही ते शेपूट मिळत नाही. महाराष्ट्र हा नागरी सहकारी बँकांचा बालेकिल्ला. वसईपासून सांगलीपर्यंत लाखो ठेवीदारांना हा बदल आपापल्या बँकेने समजावून सांगायला हवा. जुनं नाव मात्र बँकेने सोडून देऊ नये. ते सोडलं तर दुसरा कुणी उचलेल आणि सवयीने तिथे येणाऱ्या ग्राहकांना फसवेल. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावं.

विश्वकोशाचे बदलते पत्ते

पैशांची फसवणूक नसली, तरी नाव बदलण्याची किंमत समाज मोजतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत आकाराला आलेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर आला, ही आपल्या भाषेची मोठी कमाई. पण त्याचा पत्ता एक राहिला नाही. आधी 'मराठीविश्वकोश डॉट इन', मग राज्य शासनाच्या संकेतस्थळाखाली, मग 'विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन'. दर वेळी जुन्या पत्त्यांवर दिलेले संदर्भ तुटले. विकिपीडियावरच्या कितीतरी मराठी लेखांच्या तळटीपांत ते जुने दुवे आजही आहेत. ग्रंथाचं पान हलत नाही, म्हणून त्याचा संदर्भ देता येतो. संकेतस्थळालाही तोच नियम हवा. नवा पत्ता घेतला तरी जुना जिवंत ठेवून वाचकाला नव्याकडे वळवणं, हे प्रकाशकाचं कर्तव्य आहे.

देवनागरीतलं नावही आता मिळतं. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' खुलं झालं, आणि त्यात हिंदी, कोकणी यांच्याबरोबर मराठीही होती. संस्थेने आपलं मराठी नाव तिथे जरूर घ्यावं. मात्र ते घेतलं की सांभाळण्याची नावं दोन होतात, हेही ध्यानात ठेवावं.

ठरावात लिहा

उपाय महागडे नाहीत. नेहमीच्या नावाचं वर्षाचं शुल्क साधारण हजार-बाराशे रुपये असतं. हवी आहे ती शिस्त.

नोंदणीदार म्हणून संस्थेचं पूर्ण नाव असावं, व्यक्तीचं नको. रजिस्ट्रारकडचं खातं संस्थेचं असावं. बनवणाऱ्याला कामापुरता प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना वाचायचा मार्गच उरत नाही. तो ईमेल किमान दोन पदाधिकाऱ्यांना उघडता यावा. पदाधिकारी बदलले की पासवर्ड, मोबाइल क्रमांक आणि दुसऱ्या खुणेचं साधन यांचा कार्यभार किल्ल्यांसारखाच लेखी सोपवावा.

नूतनीकरण एकदम पाच किंवा दहा वर्षांचं करावं. आपोआप नूतनीकरणाची सोय चालू ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये, कारण कार्डाची मुदत संपली की तीही थांबते. नवं नाव घेताना किंवा तपशील बदलताना ईमेल पडताळणीची मागणी येते. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी ती पंधरा दिवसांत पूर्ण केली नाही, तर नाव बंद केलं जाऊ शकतं. होस्टिंगची पावती म्हणजे डोमेनची पावती नव्हे, दोन्ही तपासावीत. नाव सध्या कुणाच्या हाती आहे, मुदत कधी संपते आणि लॉक लागला आहे का, हे आयकॅनच्या आणि निक्सीच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतं. खासगीपणाच्या सोयीमुळे मालकाचं नाव तिथे झाकलेलं असलं, तरी रजिस्ट्रार आणि मुदत दिसतेच.

नाव आज दुसऱ्याच्या नावावर असेल, तर भांडण न करता, संबंध चांगले आहेत तोवर ते हलवून घ्यावं. त्या तरुणाच्या कष्टाचे पैसे चुकते करावेत, त्याच्याकडून लेखी घ्यावं आणि नाव संस्थेच्या खात्यात आणावं. एका दुपारचं हे काम आहे. तो देशाबाहेर गेल्यावर, किंवा त्याच्या घरच्यांनाही पासवर्ड ठाऊक नसताना हेच काम वर्षभर पुरतं.

महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या : संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, कधी संपतं आणि त्याला जबाबदार कोण. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि मालमत्तेच्या नोंदवहीत डोमेनचीही एक ओळ घाला. आणि सभेची वाट पाहू नका. हा अंक हातावेगळा करण्याआधी आपल्या संस्थेच्या नावाची मुदत तपासा.